धरलंय

भूत रात्रीच येतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं.

हे घडलं ते लख्ख दुपारी. गेल्या जानेवारीतला रविवार. करी रोडच्या एका चाळीचं मागचं अंगण. ज्याच्या बाबतीत घडलं तो प्रफुल्ल गमरे आजही त्याच चाळीत राहतो. परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला आहे. उगीच घाबरणाऱ्यातला नाही. आणि इथे एक अक्षरही पदरचं घातलेलं नाही.

प्रफुल्लकडे जुनी बुलेट आहे, त्याच्या जन्माच्याही आधीची. माटुंग्याच्या जाईबाई साळवींकडून घेतलेली. त्यांचे यजमान रामजी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, वाचाही गेलेली. गाडी नुसती उभी होती, म्हणून विकली.

गाडी झकास. पण पुढचा ब्रेक जुना, ड्रमचा. दाबला तरी गाडी आपल्या मर्जीने थांबायची.

दिवाळीच्या तोंडावर लालबागच्या गर्दीत अचानक हातगाडी आडवी आली... आणि बुलेट थांबलीच नाही. प्रफुल्ल सावरला. मागे बसलेल्या अनुजाचं, त्याच्या बायकोचं, मनगट मोडलं.

प्लास्टर निघालं त्या दिवशी ती म्हणाली, "एक तर ब्रेक बदल, नाहीतर गाडी विक. तसल्या ब्रेकवर मी परत मागे बसणार नाही."

म्हणून हा सगळा खटाटोप. जुनं चाक काढून नवीन चाक आणि डिस्क ब्रेक. रविवारी सकाळपासून प्रफुल्ल अंगणात बसला होता. मदतीला हितेंद्र पेडणेकर, शेजारच्या खोलीतला, लहानपणापासूनचा दोस्त.

दुपार कलेपर्यंत सगळं बसलं. एकच काम उरलं... ब्रेकच्या नळीतली हवा काढायची.

या कामाला दोन माणसं लागतात. एकाने हँडलवरचा ब्रेक चार-पाच वेळा दाबायचा आणि शेवटी दाबून धरायचा. दुसऱ्याने खाली चाकापाशी छोटा स्क्रू ढिला करायचा. तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर येतात. स्क्रू आवळला की मगच वरच्याने ब्रेक सोडायचा. त्याआधी सोडला तर हवा परत आत.

ब्रेकचं तेल रंग खातं. म्हणून प्रफुल्लने टाकीवर जुनी चादर टाकली होती. ती दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत लोंबत होती. प्रफुल्ल डाव्या बाजूला खाली बसलेला, हितेंद्र उजवीकडे हँडलपाशी उभा. मधे चादर.

चावी चालू होती. ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा लागायचा आणि भिंतीवर तांबूस उजेड पडायचा.

"दाब," प्रफुल्ल म्हणाला.

फच... फच... फच...

"धर."

"धरलं रे बाबा. किती वेळ? काल मॅच बघितलीस का?" हितेंद्रची टकळी चालूच.

"सोड."

असं दोन-तीनदा झालं. मग हितेंद्रचा फोन वाजला. तो काहीतरी बोलला. प्रफुल्लचं लक्ष बुडबुड्यांत होतं.

"दाब."

काहीच नाही.

"अरे दाब ना!"

...फच.

...फच.

...फच.

या वेळी सावकाश. एकसारखं. जाणत्या हाताने दाबावं तसं. भिंतीवरचा लाल उजेडही तसाच संथ लागत-विझत होता.

"धर."

भिंतीवरचा उजेड लागून राहिला.

"धरलंय..."

आवाज बसका होता. प्रफुल्लला वाटलं, बडबड करून करून घसा बसला असेल.

"सोड."

उजेड विझला.

पुन्हा दाब. पुन्हा धर. पुन्हा तेच... "धरलंय..."

एक गोष्ट मात्र प्रफुल्लला जाणवली. हितेंद्र गप्प होता. मॅच नाही, शिव्या नाहीत. सकाळपासून त्याच्या मोबाइलवर वाजणारी गाणीही ऐकू येत नव्हती. समोरच्या टॉवरची सावली अंगणात उतरली होती. एरवी रविवारी वरच्या गॅलरीत कपडे झटकण्याचे, पोरांचे आवाज असतात.

त्या वेळी एकही नव्हता.

पण काम सुरेख चाललं होतं. बुडबुडे संपत आले. दोन आले... मग एक... मग नुसतं स्वच्छ तेल.

"बस, शेवटचं. दाब. आणि घट्ट धर हां, मी सांगेपर्यंत सोडू नकोस."

"धरलंय..."

या वेळी आवाज अगदी जवळून आला. चादरीच्या पलीकडून, प्रफुल्लच्या कानाच्या उंचीवरून. जणू बोलणारा वाकला होता.

प्रफुल्लने स्क्रू आवळला. 'सोड' म्हणायला तोंड उघडलं...

"काय रे, थांबलास ना माझ्यासाठी?"

हितेंद्र फाटकातून आत येत होता. दोन्ही हातांत कटिंग चहाचे ग्लास.

प्रफुल्ल त्याच्याकडे बघतच राहिला.

"तू... तू कुठे होतास?"

"नाक्यावर. आईचा फोन आला म्हणून सांगून गेलो ना, थांब जरा म्हणून."

"मग ब्रेक कोण दाबत होतं?"

हितेंद्र हसला. पण त्याची नजर प्रफुल्लच्या मागे गेली आणि त्याचं हसू जागीच थिजलं.

भिंतीवर लाल उजेड होता.

प्रफुल्ल हळूहळू उठला. चादरीवरून पलीकडे पाहिलं.

कोणीही नव्हतं.

हँडलवरचा ब्रेक मात्र दाबलेला होता. पूर्ण. जसा एखाद्या मुठीत घट्ट धरावा तसा.

ग्लास फुटल्याचा आवाज झाला आणि दोघेही फाटकाकडे पळाले. थोड्या वेळाने चाळीतल्या चौघांना घेऊन परत आले, तेव्हा ब्रेक जागेवर होता. दिवा विझलेला होता. प्रफुल्लने धीर करून ब्रेक दाबून पाहिला. दगडासारखा टणक. हवेचा एक बुडबुडाही राहिला नव्हता.

"त्या माटुंग्याच्या बाईंना विचार," हितेंद्र म्हणाला. "गाडीवर कोणी मेलं असणार. लपवलं तुझ्यापासून."

दुसऱ्या दिवशी प्रफुल्लने जाईबाईंना फोन केला. उचलला दुसऱ्याच कोणी.

"रामजीकाका काल दुपारी गेले," पलीकडचा आवाज म्हणाला.

प्रफुल्लने फोन ठेवला.

चार दिवसांनी तो भेटायला गेला. जाईबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी त्याला लगेच ओळखलं.

"बरं झालं आलात. गाडी गेल्यापासून ह्यांचा जीव तिच्यातच अडकला होता हो. डोळे सारखे दाराकडे."

"त्रास झाला का शेवटी?" प्रफुल्लने विचारलं.

"नाही. उलट आम्हाला वाटलं, आता बरे होतायत." त्यांनी पदराने डोळे पुसले. "उजवा हात तीन वर्षं मेल्यासारखा पडून होता. रविवारी दुपारी तो हलायला लागला. मूठ वळायची, सोडायची. वळायची, सोडायची. मग घट्ट धरून ठेवायची. ओठही हलत होते. मला वाटलं, पाणी मागतायत."

प्रफुल्ल पुढे सरकला.

"मग?"

"मग एकदा मूठ जी धरली... ती सुटलीच नाही. तशातच गेले. आंघोळ घालताना पोरांनी किती प्रयत्न केला, बोटं उघडेनात. मुठीत तुळशीचं पानसुद्धा ठेवता आलं नाही."

शेवटच्या वेळी आपण 'धर' म्हणालो होतो, एवढंच प्रफुल्लच्या डोक्यात घुमत होतं. 'मी सांगेपर्यंत सोडू नकोस' म्हणालो होतो.

आणि 'सोड' म्हणालोच नव्हतो.

समोर हार घातलेला फोटो होता. त्याला वाटलं, निदान इथे तरी तो एक शब्द बोलावा. पण घर माणसांनी भरलेलं. तो नुसते हात जोडून खाली उतरला.

अनुजाला त्याने यातलं काहीच सांगितलेलं नाही. हितेंद्र त्या गाडीला आता हात लावत नाही, पण तोही गप्प आहे. अनुजा पुन्हा मागे बसते. खूश असते. "काय ब्रेक आहे! आता कुठे वाटतं, गाडी आपल्या हातात आहे," असं परवाच म्हणाली.

ब्रेक खरंच उत्तम आहे. कधी दगा देत नाही.

फक्त कधीकधी... सिग्नलला गाडी थांबते. दिवा हिरवा होतो. प्रफुल्ल बोटं उचलतो.

आणि ब्रेक वर येत नाही.

मागून हॉर्न वाजायला लागतात. अनुजा विचारते, "काय झालं?"

"काही नाही," तो म्हणतो आणि थांबून राहतो. एक-दोन श्वासांनी ब्रेक हळूच वर येतो.

काय बोलायला हवं, ते त्याला माहीत आहे. एकच शब्द. कित्येकदा ओठांपर्यंत येतो.

पण अजून तो बोललेला नाही.

बोललं... आणि कानाशी कोणी उत्तर दिलं तर?