काचेच्या झाकणाची डबी

ताईचं ते पत्र कित्येक वर्षं शब्दकोशाच्या पानांत पडून होतं. चष्मिस अधूनमधून उत्तर लिहायला बसायचा, दोन ओळी लिहायचा, त्या वाचून पाहायचा आणि 'छे, जमलं नाही' म्हणत कागद फाडून टाकायचा. आता त्याच्या चष्म्याची भिंगं जाड झाली होती, केस पांढरे झाले होते, पण चुलतभावंडांसाठी तो अजूनही चष्मिसच होता.

"नातवंडांना मनोऱ्याची गोष्ट सांगायला बसले आणि मध्येच अडले," ताईने लिहिलं होतं. "मी डॉक्टरीणबाईंना आणायला धावले, तेव्हा आजोबांजवळ तूच होतास. डोळे उघडल्यावर ते पहिलं काय बोलले रे? आणि सगळी गोष्टच लिहून पाठव ना. मुलांच्या हाताला लागतील अशी औषधं आमच्याही घरात आहेतच."

गोष्ट सुरू झाली ती आजोबांच्या दुकानात, टेबलाखाली.

"सरक ना! तुझं डोकं आहे की टरबूज?"

"हळू बोल, तोफ! आजोबा उठतील."

तोफेला हळू बोलता येत नसे, म्हणून तर तिचं नाव तोफ. ती दहा वर्षांची. चष्मिस अकराचा, ताई तेरा पूर्ण झालेली आणि टिकली सगळ्यांत धाकटी, कपाळावरच्या टिकलीएवढी. दर सुट्टीत ही चौघं आजोबांच्या घरी जमत. खाली घड्याळ दुरुस्तीचं दुकान, वर घर. दुकानात शिरलं की तेलाचा आणि पितळेचा वास यायचा. भिंतीवरची घड्याळं एकदम टोले द्यायची, तेव्हा बोलणारा माणूस तोंड उघडं ठेवून थांबायचा आणि टोले संपले की तिथूनच पुढे बोलायचा.

पण त्या सुट्टीत काहीतरी बिनसलं होतं. आजोबा भर सकाळी टेबलाशी बसल्या बसल्या पेंगायचे! डोळ्याला लावायचं भिंग डोळ्याला, हातात चिमटा, आणि मान छातीवर. रोज नाही. एखाद्या दिवशी एकदम ताजेतवाने असायचे, विनोद करायचे. दुसऱ्या दिवशी पाहावं तर जीभ जड, पाऊल डळमळतं.

"म्हातारपण आहे," काका म्हणायचे.

"म्हातारपण एक दिवसाआड येतं का?" ताई टेबलाखाली कुजबुजली.

"मला वाटतं विषप्रयोग आहे," चष्मिस म्हणाला. "मी वाचलंय. ते छत्रीवाले गृहस्थ बघा. ऊन असो, पाऊस असो, छत्री! आणि दर आठवड्याला तेच चांगलं चालणारं घड्याळ दुरुस्तीला आणतात."

"आणि त्या छत्रीतून फुस्स करून विष सोडतात!" तोफ खो खो हसली. "चष्मिस, तू पुस्तकं वाचणं बंद कर बाबा!"

चष्मिसचे कान लाल झाले. तरी चौघांनी छत्रीवाल्यांना गाठलंच. ते बिचारे गोंधळून म्हणाले, "अरे, घरी एकटा असतो मी. इथे टोले ऐकायला येतो. रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून घड्याळ आणतो." चष्मिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यातच काकांनी जाहीर केलं, "आज बाबा मनोऱ्यावर शेवटचे जातील. उद्या मी किल्ली शाळेला परत करणार. हे टेबलही बंद."

शाळेच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला किल्ली द्यायला आजोबा दर आठवड्याला अंधाऱ्या, वळणावळणाच्या जिन्याने वर चढत. अख्खं गाव त्या घड्याळावर आपली घड्याळं लावत असे. आजोबांनी नुसता चिमटा पुसला आणि जागेवर ठेवला. ते बघून टिकलीला रडू फुटलं.

न्याहारीनंतर आजोबांनी त्यांची गोळी काढायला डबी उघडली. घरातली औषधंही दुकानातल्या सुट्या भागांसारखीच ठेवलेली असत: काचेच्या झाकणाच्या गोल डब्यांत, आकाराप्रमाणे. काकू गोळ्या आणल्या आणल्या पाकिटांतून फोडून डब्यांत भरायच्या. "चिठ्ठ्या कशाला चिकटवायच्या? वरून दिसतंय की आत काय आहे!" असं म्हणायच्या, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते फडताळ कौतुकाने दाखवायच्या.

गोळी आजोबांच्या बोटांतून निसटली, टप्पकन टेबलाखाली गेली.

"राहू दे, दुसरी घेतो," आजोबा म्हणाले. त्यांनी दुसरी गोळी पाण्याबरोबर घेतली, मनोऱ्याची भलीमोठी किल्ली उचलली आणि ते निघाले.

पण दुकानाचा नियम होता: पडलेली वस्तू सापडल्याशिवाय कुणी उठायचं नाही. चौघं लगेच पोटावर पालथी झाली.

"लोहचुंबक आण!" तोफ ओरडली.

"गोळी काय लोखंडाची आहे, शहाणे?"

"सापडली!" टिकली टेबलाच्या पायामागून ओरडली. "एक नाही, दोन! एक धुळीची आहे. खाऊन बघू?"

"टिकले!" ताईने झडप घालून तिची मूठ धरली. "औषध चाखून बघायचं नसतं. कधीच नाही. तोंडात घातलीस तर—"

"नाही घातली," टिकली फुरंगटून म्हणाली. "गोड आहे का तेवढंच बघणार होते."

दोन्ही गोळ्या पांढऱ्या, गोल, बारीक. चष्मिसने आजोबांचं भिंग डोळ्याला लावलं आणि श्वास रोखला. एकीच्या मधोमध रेघ होती. दुसरीवर रेघ नव्हती, एक बारीकसं अक्षर कोरलेलं होतं.

"या दोन वेगळ्या आहेत," तो हळूच म्हणाला. मग त्याला वाटलं, आपलं पुन्हा छत्रीवाल्यांसारखं होणार. "म्हणजे... मला वाटतं. चुकतही असेन."

ताईने भिंग घेऊन पाहिलं. "तू चुकलेला नाहीस," ती म्हणाली. फडताळातली डबी उघडून तिने पाहिलं. दोन्ही जातींच्या गोळ्या एकाच डबीत, एकमेकींत मिसळलेल्या!

"काकू!" तोफेने घर हादरवलं. "डबीतल्या पांढऱ्या गोळ्या कुणाच्या?"

"बाबांच्या रक्तदाबाच्या," काकू वरूनच म्हणाल्या. "माझ्या झोपेच्याही तशाच दिसतात, पण त्या पलीकडच्या डबीत. रात्री मी दिवा न लावताच चाचपून घेते. का गं? नाहीतरी त्या हल्ली कुचकामीच झाल्यात. कधी लागते झोप, कधी नाही. मग मी आणखी एक घेते. सकाळी उठताना गरगरतं नुसतं!"

पलीकडे डबीच नव्हती. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

काका दुकानात मान खाली घालून काम करत होते. ताई म्हणाली, "काका, डबीत दोन प्रकारच्या गोळ्या आहेत."

"असतील. मीच एकत्र केल्या. एकाच मापाचा माल दोन अर्धवट डब्यांत ठेवायचा म्हणजे जागेची नासाडी. पांढरी गोल ती पांढरी गोल! जा, खेळा."

"पण काका—"

"जा म्हटलं ना!"

ताई बाहेर आली. तिने चष्मिसच्या कानात काहीतरी सांगितलं. तो घाबरला. "काका मारतील!"

"मग तू पळ. तुला पळता येत नाही, ते सोड."

दोन मिनिटांत चष्मिस काकांसमोर उभा. हातात काचेच्या झाकणाची डबी, तिच्यात बारीक दातेरी चाकांचा ढीग. "काका, मी आवरलं. या दोन डब्यांतली चाकं सारखीच दिसत होती, म्हणून एकत्र केली."

काका ताडकन उठले. "काय केलंस? अरे गाढवा! सारखी दिसतात म्हणून सारखी असतात का? एकाला एक दात कमी आहे! चुकीचं चाक बसलं तर घड्याळ मार खाईल! दिसण्यावर जायचं नसतं, भिंग लावून—"

ते तिथेच थांबले. भिंतीवर टोले पडत नव्हते, तरी त्यांचं तोंड उघडंच राहिलं. ताईने औषधाची डबी त्यांच्यापुढे धरली होती. वर आजोबांचं भिंग.

काकांनी पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "आज बाबांनी... कुठली घेतली?"

"माहीत नाही," ताई म्हणाली. "आणि ते मनोऱ्यावर गेलेत."

मग जे काही धावले सगळे! काका चपलांशिवाय, काकू हातातल्या कलथ्यासकट, तोफ "बाजूला व्हा!" असं कोकलत सगळ्यांच्या पुढे. छत्रीवाले वाटेत भेटले, तेही धावू लागले. मनोऱ्याचं दार उघडंच होतं. आत थंड काळोख, वर कुठेतरी ते मोठं घड्याळ ठक, ठक करत होतं.

"आजोबाऽऽ!" तोफ गरजली. वरच्या कबुतरांनी एकदम पंख फडफडवले. उत्तर नाही.

आजोबा दुसऱ्या वळणावर सापडले. पायरीवर बसलेले, डोकं कठड्याला टेकलेलं, किल्ली मांडीवर. एक पाय खालच्या रिकाम्या अंधाराकडे लोंबत होता. जरा कलले असते तर! काकांनी त्यांना मागून धरलं. ताई डॉक्टरीणबाईंना आणायला सुसाट गेली. आजोबांचं डोकं चष्मिसच्या खांद्यावर आलं. त्यांच्या सदऱ्याला घड्याळाच्या तेलाचा वास येत होता. चष्मिस हलला नाही. त्याला मुंग्या आल्या तरी हलला नाही.

"काहीतरी गरम पाजू का?" काकूंनी विचारलं.

"नको, काकू," चष्मिस कसाबसा म्हणाला. "पेंगलेल्या माणसाला काही पाजायचं नाही. घशात अडकेल." आणि काकूंनी चक्क त्याचं ऐकलं.

बऱ्याच वेळाने आजोबांनी डोळे किलकिले केले. समोर नातू दिसला. ते काहीतरी पुटपुटले, आणि चष्मिसने उत्तर दिलं.

डॉक्टरीणबाईंनी आजोबांना दवाखान्यात नेलं, रक्तदाब मोजला, दिवसभर नजरेखाली ठेवलं. दोन्ही गोळ्या त्यांनी भिंगातून पाहिल्या. "रेघेची ती झोपेची," त्या काकूंना म्हणाल्या. "सासऱ्यांनी ती घेतली, तुम्ही त्यांची रक्तदाबाची घेतलीत, आणि वर आपल्या मनाने दुसरी! तुम्हाला गरगरणार नाही तर काय होईल?"

"पाकिटांचा पसारा होतो हो," काकू रडवेल्या झाल्या.

"होऊ दे पसारा. त्या पसाऱ्यावर औषधाचं नाव असतं, मुदत असते. ज्याची गोळी त्याच्या पाकिटात. दुसऱ्याचं औषध घ्यायचं नाही, झोप येत नसेल तर दोन घ्यायच्या नाहीत, मला विचारायचं. आणि फडताळाला कुलूप लावा, घरात ही टिकली आहे. मिसळलेली डबी औषधांच्या दुकानात परत द्या, तिथे नीट नष्ट करतात."

"मी नव्हती खाल्ली," टिकली म्हणाली.

काकांनी चष्मिसच्या डोक्यावर हात ठेवला. "गाढवा म्हटलं ना तुला? मागे घेतो. ती चाकं मात्र तूच वेगळी करायचीस."

"ती मिसळलेलीच नव्हती," तोफ म्हणाली. "एकाच डबीतली होती सगळी! तुम्ही भिंग न लावताच ओरडलात!"

काका आधी गोरेमोरे झाले आणि मग इतके हसले, की आजोबाही खाटेवर उठून बसले. मनोऱ्याची किल्ली त्यांच्या उशाशी होती. दुसऱ्या दिवशी ती शाळेला परत गेली नाही. पुढच्या आठवड्यात आजोबा ताठ चालत जिना चढले, आणि मागोमाग त्यांची पलटण. "माझा जिना या पोरांनी वाचवला," असं ते छत्रीवाल्यांना दर भेटीत सांगू लागले. छत्रीवाले आता घड्याळ न आणताच यायचे.

ते दुकान आता नाही. मनोऱ्याच्या घड्याळाला किल्ली द्यावी लागत नाही म्हणतात. तोफ दूर देशी असते आणि फोनवर अजून ओरडते.

चष्मिसने सगळं लिहून काढलं, वाचलं, एवढं काही बरं उतरलं नाही असं त्याला वाटलं, पण या खेपेला त्याने कागद फाडला नाही. शेवटी त्याने लिहिलं:

"ताई, डोळे उघडल्यावर आजोबा म्हणाले, 'चष्मिस, किती वाजले रे?' त्यांनी दुसऱ्याला वेळ विचारलेली मी तेवढी एकदाच ऐकली. माझ्याकडे घड्याळ नव्हतं. मी म्हणालो, 'अजून वेळ आहे, आजोबा.'"

त्याने पाकीट चिकटवलं, काठी घेतली आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेला. पोस्टमन पेटी उघडून पत्रं थैलीत भरत होता.

"थांबा, थांबा!" चष्मिस तोफेसारखा ओरडला.

"सावकाश या, आजोबा," पोस्टमन हसून म्हणाला. "अजून वेळ आहे."

चष्मिसने पाकीट थैलीत टाकलं.