जागेपणीचा दाब

दिवा राहू दे बंद. तुम्हा पोरांना ड्युटीच्या रात्री झोप येत नाहीच, तर ऐका. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

माझ्या बॅचचा एक दोस्त, यकृताचा डॉक्टर. त्याला आम्ही गणिती म्हणायचो. यकृत निबर झालं की रक्त मागे तुंबतं, अन्ननलिकेच्या शिरा फुगतात आणि फुटतात. मग यकृतातून जाळीची नळी घालून रक्ताला आडवाट काढून द्यायची, हे तुम्हाला पाठच आहे. नळी घातल्यावर कोणाला पुन्हा रक्ताची उलटी होणार, हे सांगणारा हिशेब गणितीने बसवला होता. वय, कावीळ, नळीनंतर त्या शिरांत उरलेला दाब. आकडा कमी आला की रोग्याला घरी सोडायचा. बहुतेक वेळा खरंही ठरायचं, म्हणून तर स्वारी हवेत असायची.

त्याच्याकडे एक शिंपी आला. नळी घातली, दाब छान उतरला. पण मोजला कधी? माणूस भुलीच्या औषधात निपचित पडलेला असताना. भुलीत दाब खोटाच कमी दिसतो, त्यावर विसंबायचं नसतं. जागेपणी पुन्हा मोजायचा, निदान सोनोग्राफीत नळी वाहते का ते बघायचं. गणितीने यातलं काहीच केलं नाही. खाटा हव्या होत्या आणि आकडा कमी होता. मला त्याचा राग येतो, अजून येतो. शिंप्याच्या बायकोने निघताना विचारलं, "पुन्हा रक्त नाही ना येणार?"

तो म्हणाला, "ताई, निर्धास्त जा."

हे शनिवारी सकाळी. त्याच रात्री गणिती घरी निघाला तेव्हा वॉर्डात शिंप्याची औषधांची पिशवी राहिलेली दिसली. घर वाटेवरच होतं. जाता जाता देऊन टाकू म्हणून त्याने ती उचलली. आभाळात चंद्र नव्हता आणि शिंप्याच्या गल्लीतला दिवाही बंद होता.

दार उघडंच होतं. शिलाई मशीनशेजारच्या बाकावर शिंपी बसला होता. एकटा. गणितीने पिशवी पुढे केली, ती त्याने घेतली नाही. सदरा वर केला आणि बाकावर आडवा झाला.

"आता मी जागा आहे, डॉक्टर. आता बघा."

गणिती वरमला. फोनला जोडायचं सोनोग्राफीचं छोटं यंत्र त्याच्या बॅगेत असायचं. ते काढलं. जेल लावलं. कातडी गार होती... जेलपेक्षा गार. पडद्यावर नळी दिसली. आत रक्त हलत नव्हतं.

"चला," गणिती म्हणाला. "आत्ताच्या आत्ता चला."

शिंपी आडवाच राहिला.

"मी गाडी दारात आणतो..."

शिंपी नुसता बघत होता.

गणिती धावत बाहेर आला. गल्लीत एक रुग्णवाहिका वळत होती. सावकाश. भोंगा नाही. ती दारासमोर थांबली. शिंप्याची बायको उतरली, अंगावरचे कपडे रक्ताने कडक झालेले. मागे स्ट्रेचर. चादर डोक्यापर्यंत...

संध्याकाळीच गेला होता तो. उलटी झाली आणि जवळच्या दवाखान्यात पोचायच्या आतच संपला.

बाई गणितीकडे बघत राहिली.

"तुम्हाला कोणी कळवलं?"

गणिती मागे वळला. दाराला बाहेरून कुलूप होतं.

बाईने किल्ली काढली.

तुम्ही म्हणाल, दमला होता, भास झाला असेल. मीही तेच म्हणालो, चांगलं मोठेपणाने. तेव्हा त्याने फोन माझ्यापुढे धरला. त्या रात्रीच्या सोनोग्राफीची फीत होती. नळी तुंबलेली, हे तुमच्यातलं नवखं पोरही सांगेल. पण मी नळीकडे बघत नव्हतो. माणूस श्वास घेतो तसं पडद्यावर यकृत सरकतं, ठाऊक आहे ना?

ते सरकत होतं... सावकाश. खाली. वर.