म्हातारीची बाज

डोळे मिटा आणि माझ्यासोबत वाशिमकडच्या इंझोरी गावात या. मे महिना आहे. जेवणं उरकली आहेत, लाईट गेली आहे आणि सारवलेल्या अंगणात बाजा टाकल्या आहेत. दोरीच्या बाजेवर उताणं पडा. दोरी पाठीला रुतेल, रुतू द्या. आता डोळे उघडून उत्तरेकडे पाहा.

पुस्तकात त्यांना सप्तर्षी म्हणतात. आमच्या अंगणात ती म्हातारीची बाज. चौकोनातले चार तारे म्हणजे बाजेचे पाय आणि मागचे तीन म्हणजे बाज पळवायला आलेले चोर. म्हातारी जागी असते, म्हणून त्यांना बाज उचलता येत नाही. मी पोरांना आधी हीच गोष्ट सांगते. गोष्ट लक्षात राहिली की तारे आपोआप सापडतात.

तारे ओळखायचा आमचा वर्ग भरायचा गंगूआजीच्या अंगणात. दम्यामुळे तिला रात्र रात्र झोप नसे. नात धम्मदीपा तिची पाठ चोळत बसे.

"आजी, तू झोपत काहून नाहीस?"

"मी झोपली तं चोर बाज नेतीन ना माय," आजी हसायची. "सारं आभाळ माह्याच भरोशावर हाय."

एके दिवशी वाशिमहून तिच्या दम्यावर नवं औषध आणलं होतं. दिवेलागणीलाच आजीला गाढ झोप लागली. छातीतली घरघर थांबली. धम्मदीपा ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प करत होती. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

मी हळूच म्हटलं, "चोरांच्या रांगेच्या वळणानं नजर पुढे न्या, केशरी स्वाती दिसेल."

"मॅडम, चोर कुठी हायेत?" पोरांमधल्या संघदीपनं विचारलं.

"चष्मा लाव लेका," मुन्ना म्हणाला. मग तोही वर शोधू लागला.

मी माझा चष्मा पुसला. बाजेचे चार पाय होते. ध्रुव होता. स्वाती होती. मागचे तीन तारे नव्हते. ढगाचा ठिपकाही नव्हता.

मागे दोरी करकरली.

आजी हलली नव्हती. तिच्या बाजेचे तीन पाय जमिनीपासून बोटभर वर होते. चौथा अजून टेकलेला होता.

धम्मदीपा ओरडली नाही. ओरडली असती तर आजी जागी झाली असती. ती त्या चौथ्या पायाशी बाजेवर जाऊन बसली आणि अंधाराकडे पाहत म्हणाली, "झोपू द्या तिले. मी जागी हावो."

बाज हळूच टेकली.

मी वर पाहिलं. सात तारे होते.

सकाळी आजी उन्हं आल्यावर उठली. "लय वर्सांनी डोया लागला," म्हणाली. चेहरा कसा ताजा झाला होता तिचा.

बाज रात्रीच्या जागेपासून हातभर उत्तरेला सरकली होती. जुन्या जागी सारवणात तिच्या पायांच्या खुणा उमटलेल्या. धम्मदीपानं शेणाचा गोळा घेतला आणि आजी चहा पीत होती तेवढ्यात त्या सारवून टाकल्या. मग हात धुऊन निंबाखाली आडवी झाली.

"दिवसाची झोपून राह्यली काय व?" आजीनं विचारलं.

"रातच्याले काम हाय," धम्मदीपा म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.