अर्धवट वाजलेला हॉर्न

बसा. सकाळी ठेवून गेलात त्या तुमच्या गाडीचा हॉर्न वाजता वाजता मध्येच तुटतो म्हणता ना? बघतो मी. पण घाई करू नका, आणि तो दिवा असू द्या चालू, बाहेर ऊन असलं तरी. हॉर्नचं काम हातात घेण्याआधी मी हे एकदा सांगून टाकतो. मग गाडी ठेवायची की न्यायची, तुमचं तुम्ही ठरवा.

बोलावणं साधंच होतं. एका घरामागच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी गाडी चालती करायची. घरात माणसं दोनच, एक म्हाताऱ्या बाई आणि त्यांचा धाकटा दीर. तो त्यांना वहिनी म्हणायचा, त्या त्याला भाऊजी. मीही तेच उचललं. गाडी वहिनींच्या नवऱ्याची, म्हणजे भाऊजींच्या दादांची. दादा त्या गाडीतच गेले होते. शेडचं दार बंद, इंजिन चालू, आणि आत नुसता धूर. आता शेवटी एकदा त्या गाडीत बसून फिरून यावं, एवढीच वहिनींची हौस होती.

भाऊजी फार गोड बोलायचे. इतकं गोड बोलणारा माणूस मला मुळात सहन होत नाही.

"मिस्त्री, सगळं नवं करा. लाइट, डायनमो, सेल्फ, काय लागेल ते. फक्त हॉर्नला हात लावू नका. वहिनींना तो आवाज सहन होत नाही."

मी हो म्हटलं. शेडमध्ये जुन्या पेट्रोलचा आंबूस वास होता, उंदरांचा होता, आणि या सगळ्याखाली काजळीचा. एवढ्या वर्षांनीही भिंतीला बोट लावलं की काळं व्हायचं. बॉनेट उघडलं तर कॉइलला बाहेरून दिलेली एक डायरेक्ट वायर दिसली. इंजिन ट्यून करताना आम्ही तशी वायर देतो. ती असली की किल्ली कितीही फिरवा, इंजिन बंद होत नाही. कुणीतरी काढायला विसरलं असेल म्हणून मी ती उपटून टाकली आणि कामाला लागलो.

वहिनी रोज चहा आणायच्या, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायच्या नाहीत. काम संपत आलं तेव्हा एकदा कप माझ्या हातात देऊन त्या तिथेच थांबल्या.

"मिस्त्री... हॉर्न बिघडलेला होता का हो?"

मी विचारलं, असं का विचारता?

त्या पदराशी चाळा करत बोलत राहिल्या. दादांचे पाय अपघातात गेले होते. भाऊजी त्यांना उचलून स्टिअरिंगमागे बसवायचे. दादा आवाज ऐकून इंजिनचं दुखणं सांगायचे आणि भाऊजी बॉनेटखाली हात चालवायचे.

"ह्यांनी दोनदा छोटा हॉर्न दिला की मी हातातलं टाकून यायचे. ती आमची खूण होती. त्या दिवशी हॉर्न ह्यांच्या हाताखाली होता, आणि मला बोलावलं नाही. म्हणजे जायचंच होतं ना ह्यांना? मला टाकून?"

मी कप बॉनेटवर ठेवला.

"एकदा वाजल्यासारखा वाटला... पण अर्धवट. मी उठलेही. मागच्या दाराशी येईपर्यंत भाऊजी पायरीवर येऊन बसले होते. म्हणाले, रस्त्यावरची गाडी असेल, वहिनी."

त्या गेल्यावर मी हॉर्नची वायर शोधली. ती पुढच्या जाळीमागे कापलेली होती. कुजलेली नव्हती, उंदरांनी कुरतडलेली नव्हती, सरळ कापलेली. टोकाला वितळलेल्या तांब्याचा बारीक मणी होता. करंट नसलेली वायर कापताना असा मणी येत नाही. आणि हॉर्नचं बटण उघडलं तर आतला कॉन्टॅक्ट जळून काळा पडला होता. कुणीतरी जिवाच्या आकांतानं ते दाबून धरलं होतं, आणि हॉर्न वाजत असतानाच दुसऱ्या कुणीतरी समोर उभं राहून वायर कापली होती. काचेतून दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही असेल. आणि मला ती डायरेक्ट वायर आठवली. आत बसल्या बसल्या दादांनी कितीही किल्ली फिरवली असती तरी इंजिन बंद झालं नसतं.

डिकीत गाडीची जुनी हत्यारं होती. त्यातल्या पकडीच्या धारेला ठिणगीनं पडलेली खाच होती. बॉनेटखाली ती चालवणारे एकच, भाऊजी.

पोटात ठेवून राहणं मला जमत नाही. मी वहिनींना मणी दाखवला, पक्कड दाखवली, आणि दोन्हींचा अर्थ सांगितला. मला वाटलं कोसळतील. त्यांनी खाचेवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे ह्यांनी मला बोलावलं होतं."

"हो, वहिनी."

"जोडा ती वायर."

एवढंच बोलल्या. चेहरा असा निवळला होता की मला तो बघवेना. मी वायर जोडली आणि पक्कड खिशात टाकली.

मागच्या पायरीपाशी नळावर मी हात धूत होतो. टळटळीत दुपार होती. भाऊजी खुर्चीत बसून चहा पीत होते, वहिनी दारात उभ्या. तेवढ्यात शेडमधून हॉर्न वाजला. दोनदा. छोटा.

भाऊजींच्या हातातला कप फुटला.

"मिस्त्री... हॉर्न जोडलात?"

"जोडला. पण बॅटरी दुकानात आहे, चार्जिंगला."

"मग वाजला कसा?"

वहिनी अगदी मायेनं म्हणाल्या, "भाऊजी, जरा बघून या ना. मला तो आवाज सहन होत नाही."

माझ्यादेखत नाही म्हणायची भाऊजींना लाज वाटली असावी. ते गेले. वहिनी मागोमाग गेल्या, शेडचं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी सरकवली. मला हसू आलं, खरं सांगतो. बॅटरीच नाही तर गाडी करणार काय? घाबरेल थोडा म्हातारा. घाबरू दे.

"वहिनी... हे काय... दार उघडा..." मग आवाज खाली आला. आत कुणाशी तरी बोलल्यासारखा. "दादा... नाही... नको..."

आणि इंजिन सुरू झालं.

सेल्फचा आवाज नाही, धाप नाही. मी लावून दिलं होतं तसंच, तालात चालत होतं. मी धावत जाऊन कडीला लटकलो. सकाळीच मी तिला तेल दिलं होतं, पण ती जागची हलेना. फटीतून धूर यायला लागला. आतून दारावर थापा पडत होत्या. मग त्या थांबल्या. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

हॉर्न वाजला. दोनदा छोटा. मग एकदा लांब... आणि मध्येच तुटला.

मी मागे वळून ओरडलो, "वहिनी, ऐकताय ना?"

त्या पायरीवर बसल्या होत्या, जिथे भाऊजी तेव्हा बसले असतील तिथेच.

"रस्त्यावरची गाडी असेल, मिस्त्री."

इंजिन आपोआप बंद पडलं तेव्हा कडी एका बोटानं सरकली. भाऊजी स्टिअरिंगमागे होते, अंगठा बटणावर. बॅटरीची जागा रिकामीच होती. जाळीमागे माझा जोड शाबूत होता, पण त्याच्या शेजारी वायर कापलेली होती. टोकाला मणी. गरम.

शेडमध्ये पक्कड नव्हती. ती सगळा वेळ माझ्या खिशात होती. ही बघा. वहिनींनी अंगठा फिरवला तेव्हा हिला एकच खाच होती. आता मोजा.

असो. तुमच्या हॉर्नची वायर मी तुम्ही यायच्या आधीच तपासली. ती कुठेही तुटलेली नाही, बटणही चांगलं आहे. मग आता सांगा, तुमची ही गाडी आधी कुणाची होती?