शेंड्यापर्यंत टावर

भिवपुरीच्या पॉवरहाऊस कॉलनीत पैजा लागतात त्या गेटजवळच्या चिंचेखाली, आणि लावतात त्या दामूकाका. बाकीचे फक्त फसतात. लाईट किती वाजता येणार, नव्या साहेबाचे केस खरे की विग... काकांनी कशावर पैज लावली नाही ते विचारा. जन्मभर तारांच्या टावरवर चढउतर करून रिटायर झालेला माणूस, त्याला जमिनीवर करमायचं कसं?

त्या रविवारी शेजारच्या पारूबाई सगळ्यांना पेढे वाटत होत्या. धाकटी लेक भाग्यश्री तीन आठवडे पॅरिसला चालली होती. थोरली सोनाली तिथं नोकरीला, जावईबापूही तिथंच. जुळी पोरं अडीच वर्षांची, पाळणाघरात जागा मिळेपर्यंत सांभाळायला मावशी हवी. भाग्यश्री कर्जतला बालवाडीत शिकवायची, तिला मे महिन्याची सुट्टी.

"अडीच वर्षाची दोन?" काकांनी पेढा तोंडात टाकला. "मंग तू कसलं पॅरिस बघतेस गं. तू शी बघशील, शू बघशील, नि घरी येशील."

भाग्यश्री म्हणाली, रोज वीस पोरं सांभाळते, दोनाचं काय घेऊन बसलात.

"लाव मंग. टावरपुढं फोटो. दोनी पोरं जागी, दोनी हसरी, नि मागं टावर पार शेंड्यापर्यंत." काकांनी डोंगराकडं हात केला. तिथं तारांचे लोखंडी टावर रांगेनं उभे होते. "तसले टावर आपल्याकडंबी हायत म्हणा. मी शेंड्यावर बसून डबा खाल्लाय."

हरणाऱ्यानं काय करायचं ते पारूबाईंनी ठरवलं. ह्याच चिंचेला साडीची झोळी बांधायची, हरणाऱ्याला तीत निजवायचं आणि अख्ख्या कॉलनीनं अंगाई म्हणायची. काकांचं वजन ब्याण्णव किलो. ते झोळीत कसे दिसतील ह्याचं चित्र डोळ्यांपुढं आलं आणि भाग्यश्रीनं लगेच हातावर हात मारला.

पॅरिसात चौथ्या दिवशी तिला कळलं, काका शहाणा माणूस आहे.

जुळ्यांतल्या साईराजला त्या शहरात एकच गोष्ट आवडली, रस्त्यावरची गटाराची झाकणं. प्रत्येक झाकणाशी बसायचं, भोकातून आत बघायचं, 'कोण हाय?' विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची. सानवीला कबुतरं हवी होती, तीही हातात. मोठ्या म्युझियमच्या रांगेत पाऊण तास उभं राहून दार आलं, आणि दारात सानवीला शी आली. भल्यामोठ्या चर्चमध्ये साईराजनं 'मावशीऽऽ' करून आरोळी ठोकली. ती घुमली. त्याला ती इतकी आवडली की तिघांना फार सभ्यपणे बाहेर काढण्यात आलं. नदीतल्या बोटीत मात्र पोरं शांत होती, कारण दोघंही झोपली होती. दोन मांड्यांवर दोन डोकी घेऊन भाग्यश्री बसली, समोरून टावर सरकत गेला... अख्खा, शेंड्यापर्यंत, उन्हात न्हालेला. फोन पिशवीत होता आणि हात हलवायची सोय नव्हती.

पाचव्या दिवशी टावरजवळच्या बागेत साईराज झोपेला आला आणि बाबागाडीत झोपेना. भाग्यश्रीनं इकडंतिकडं बघितलं. पारूबाईंनी सामानात कोंबलेली हिरवी सुती साडी काढली, खालच्या फांदीला झोळी बांधली आणि पोराला आत टाकलं. दोन झोके, की डोळे मिटले. दहा मिनिटांत लोक टावर सोडून झोळीचे फोटो काढायला लागले. मग शिट्टी वाजवत बागेचा रखवालदार आला.

"दादा, पाच मिनिटं," तिनं चक्क मराठीत सांगितलं. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

रखवालदार फांदीकडं बोट दाखवत फ्रेंचमध्ये बोलत राहिला.

"ताई, तो म्हणतोय झाडाला त्रास होतो."

भाग्यश्रीनं गर्रकन मागं बघितलं. निळा रेनकोट, काखेत हातभर लांब पाव, तोही अर्धा खाल्लेला, आणि मिशीवर पावाचा चुरा. तो माणूस रखवालदाराशी चारच शब्द बोलला. रखवालदार हसला, बाकावर बसला, वर स्वतः दोन झोके देऊन गेला.

काय सांगितलंत, तिनं विचारलं. तो म्हणाला, माझी फ्रेंच मशीनवर शिकलेली आहे, समजते बरीच, बोलता मात्र 'सावकाश, पाच मिनिटं, मग बंद' एवढीच येते.

"गाठ बघून थांबलो," तो म्हणाला. "पदर आत दुमडून बांधलीय. माझी आजी अशीच बांधायची."

"कुठली आजी?"

"साजगावची. खोपोलीजवळ."

एवढे सात समुद्र ओलांडून शेवटी भेटलं काय, तर साजगाव. तिला हसू आवरेना. त्याचं नाव कपिल. साजगावच्या कारखान्यात फिटर, नवं मशीन शिकायला कंपनीनं दीड महिना पाठवलेला. रोज तीन वाजता सुट्टी आणि मग बोलायला कोणी नाही, म्हणून टावरशी येऊन बसायचा.

निघताना तो घुटमळला. "ते मघाशी मी ताई म्हणालो ना... ते परत घेतलं तर चालेल?"

भाग्यश्री साडीची घडी घालत होती. ती जरा जास्तच वेळ घातली. "बघू," ती म्हणाली. "पोरांना विचारून सांगते."

मग रोज साडेतीनला बागेच्या फाटकाशी निळा रेनकोट. पैजेचं सगळं ऐकून त्यानं स्वतःला फोटोग्राफर नेमून घेतलं. पण साईराज हसला की सानवी रडायची, सानवी हसली की साईराज झाकण शोधायला पळायचा. कपिल म्हणायचा, चार मशीनं एका वेळी चालू करणं सोपं, ही दोन अवघड.

आणि पैजेच्या नादात ते शहर कधी त्यांचं झालं, कळलंच नाही. मेट्रोच्या जिन्यावर बाबागाडीची एक बाजू तो धरायचा, एक ती, आणि मध्ये पोरं राजासारखी बसलेली. साईराजच्या बुटाची नाडी बांधायला तो रस्त्यात गुडघ्यावर बसायचा आणि उठताना नजर आधी तिच्याकडं जायची. एकदा भुरभुर आली. बाबागाडीचं प्लास्टिक दोघांनी डोक्यावर धरलं, चौघं त्याखाली... त्याचा हात तिच्या हातापासून चार बोटांवर होता. ती चार बोटं तिनं घरी जाऊन दहादा मोजली. तो मात्र बोलायचा सगळं मशीनचं. जे बोलायचं ते नाहीच.

शेवटच्या दिवशी नुकतं ऊन पडलं होतं. टावरखालच्या लाकडी घोड्यांच्या चक्रातून पोरं उतरली ती खिदळतच. दोघं जागी, दोघं हसरी. भाग्यश्रीनं त्यांना दोन बाजूंना कवटाळलं आणि खाली बसली. तिच्या फोनची बॅटरी सानवीच्या कार्टूननं खाल्लेली, म्हणून फोन कपिलचा.

"काढा, लवकर काढा."

तो फोन धरून नुसता उभा. वाऱ्यानं तिचे केस तोंडावर येत होते, ती हसत ते मागं सारत होती. मग त्यानं एकदाच बटण दाबलं, आणि तेवढ्यात सानवीला कबूतर दिसलं.

"आला?"

"आला," तो म्हणाला. दाखवला मात्र नाही. मेट्रोच्या जिन्यापाशी एवढंच म्हणाला, पोचलात की कळवा. भाग्यश्रीला वाटलं, ह्याला 'सावकाश' सोडून काही येतं की नाही?

विमानतळावर फोटो आला. साईराजचा एक कान, सानवीची एक वेणी, मागं लोखंडाचा वीतभर पाय, आणि मधोमध भाग्यश्री. केस उडालेले, डोळे हसून बारीक झालेले. आपण अशा दिसतो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आधी ती चिडली. टाईप केलं, 'टावर कुठाय?'

विमानात बसायची हाक आली तेव्हा उत्तर आलं. 'मला दिसलाच नाही.'

ते तीन शब्द तिनं मुंबईपर्यंत पुरवले. घरी आल्यावर मात्र मन खाऊ लागलं. थट्टा केली असेल तर? 'पोचले' लिहिलं, तर 'बरं' आलं. दहा दिवसांनी तिनं लिहिलं, 'रविवारी संध्याकाळी पाचला कॉलनीच्या गेटशी मला झोळीत घालणार आहेत. तुमच्यामुळे हरले.' दोन निळ्या खुणा उमटल्या, बाकी काही नाही. आता झोळीची लाज तिला वाटतच नव्हती. ती वाट बघत होती आणि कोणी येणार नव्हतं, लाज त्याची होती.

रविवारी अख्खी कॉलनी जमली. दामूकाकांनी फोटो हातभर लांब धरून बघितला. "पोरं अर्धी, टावर गायब. काढला कुणी?"

"होता एक साजगावचा," भाग्यश्री म्हणाली. पारूबाईंनी तो फोटो काकांपेक्षा जास्त वेळ बघितला.

दोन नऊवारी एकावर एक. गाठ भाग्यश्रीनं स्वतः मारली, पदर आत दुमडून. ती झोळीत पाय टाकणार, तोच गेटात मोटरसायकल थांबली. निळा रेनकोट, पाठीवर सॅक, सॅकवर विमानाचा कागदी पट्टा अजून तसाच.

"जयभीम काका," कपिल म्हणाला. "हरल्या त्या नाहीत. फोटो मी काढला, टावर मी कापला. झोळीत मी बसणार."

"बसशील रं," काकांनी मिशीवर बोट फिरवलं. "पण कापलास का?"

कपिलनं भाग्यश्रीकडं बघितलं.

"मी बघत होतो तिथं टावर नव्हता, काका."

काकांनी फोटो पुन्हा एकदा हातभर लांब धरून बघितला. पारूबाईंनीच निकाल दिला. "निजवा त्याला."

तो झोळीत शिरला. गुडघ्यापासून पुढचे पाय बाहेर लोंबत राहिले. दोरी भाग्यश्रीच्या हातात आली आणि कॉलनीनं अंगाईला सुरुवात केली, निम्मी हसत, निम्मी बेसूर. भाग्यश्री झोळीवर वाकली. कानात सांगण्यासारखं एकच राहिलं होतं.

"पोरांना विचारलं मी," ती म्हणाली. "ते ताई... परत घेतलं तरी चालेल."

झोळीतून असं हसू फुटलं की चिंचेची पानं गळाली.

"हलू नका," दामूकाका फोन घेऊन मागं मागं सरकत होते, पार गटाराच्या काठापर्यंत. त्यांनी मान वाकडी केली, एक डोळा मिटला, झोळीमागच्या डोंगरावरचा टावर चौकटीत घेतला. "पोरगा जागा हाय... हसराबी हाय... आला. शेंड्यापर्यंत आला."

भाग्यश्रीनं दोरी ओढली.