पाहुण्याचं स्टिकर

"माझ्या गाडीच्या चाकाला तुमच्या माणसांनी कुलूप घातलंय!"

पालिकेच्या पार्किंगच्या खिडकीत बसलेल्या रुद्राणीनं मान वर केली. खिडकीबाहेरचा तरुण रागावलेला होता, पण तिचं लक्ष गेलं त्याच्या बाहीकडे. तिथं कापसाचा एक पुंजका चिकटला होता, पांढरा, हलका.

"मानवतवरून आलात?"

तो गोंधळला. "पुण्याहून. पण वाटेत मानवत लागलं... का?"

"न्हाई, सहज. माझं गाव ते, कापसाच्या बाजाराचं." मग ती पालिकेच्या आवाजात आली. "गाडीला स्टिकर न्हाई तुमच्या."

स्टेशनजवळच्या त्या अरुंद गल्लीत गाडी लावायची तर पालिकेचं स्टिकर लागायचं. ते मिळायचं गल्लीत राहणाऱ्यालाच. बाहेरगावच्या गाडीला दंड. नाहीतर गल्लीतल्या कुणीतरी तिला आपल्याकडची म्हणायचं. एका बिऱ्हाडाला पाहुण्याचं एक स्टिकर, त्यावर घराचा नंबर ठळक छापलेला.

"अहो, माझा जन्म त्या गल्लीतला! मुकुल, प्रमोदिनीबाईंचा मुलगा. कुणालाही विचारा."

"तिथं आता राहतं कोण?"

"आई होती... दिवाळीपर्यंत. आता मी शनिवारी येतो. खिडक्या उघडतो, दिवा लावतो, रविवारी जातो."

"मग अवघड हाय," रुद्राणी हळूच म्हणाली. "बंद घराला पाहुणा मिळत न्हाई."

बोलल्यावर तिलाच ते लागलं. ती त्याच गल्लीत, घरमालकीण कुसुमबाईंच्या माडीवर एकटी राहायची. सकाळी इष्टलिंगाची पूजा, कपाळाला विभूती, मग ऑफिस. शनिवारची ही खिडकी तिनं आपणहून मागून घेतली होती. घरी बसून कुणाशी बोलायचं? तिच्या वाट्याचं पाहुण्याचं स्टिकर कोरंच पडून होतं. रात्रीचं भांडं घासताना आईची ओवी ओठांवर यायची—

एकली मी एकली, जशी रानातली विहीर
पाणी काठाला गं आलं, कुणी सोडंना दोर

पुढच्या शनिवारी तो परत हजर.

"पुन्हा कुलूप?"

"पुन्हा."

"स्टेशनच्या स्टँडवर का न्हाई लावत गाडी?"

"तिथं खिडकीत मिशीवाले काका बसतात."

"आणि हितं?"

"इथं..." तो अडखळला, "इथं नियम नीट समजावून सांगतात."

"लय हुशार हायत तुमी," ती म्हणाली. पावती फाडताना कागद तिरका गेला.

मग शनिवार येतच राहिले. कधी तो पाथरीतून पेरू आणायचा. "लाच द्यायलात का?" ती विचारायची. "छे! पेरूला दंड माफ होतो का बघतोय." दंड माफ व्हायचा नाही. पण त्याची पाठ वळली, की उरलेला दिवस तिला विझलेल्या चुलीसारखा वाटायचा.

माघातल्या एका शनिवारी तो हसला नाही.

"आज शेवटचा दंड. घर विकायलोय. बन्सीधरशेठ पुढच्या शनिवारी इसाराला येतायत."

"मग... येणं?"

"कुणासाठी येऊ? त्या गल्लीत माझं माणूसच नाही."

तिनं ड्रॉवर उघडला, स्वतःच्या वाट्याचं स्टिकर काढलं, खिडकीतून पुढे सरकवलं. "पुढल्या शनिवारी तरी... कुलूप नगं."

त्यानं नंबर वाचला. वर बघितलं. तिनं मान खाली घातली ती घातलीच.

दिलं खरं, पण पालिकेची रीत तिला ठाऊक होती. पाहुण्याची गाडी आली, की जमादार दारात येऊन पाहुणा कोण लागतो ते विचारणार, चारचौघांसमोर. स्वतःच्या पाहुण्याची नोंद तिला स्वतः करता येत नव्हती. त्या शनिवारी घरी थांबायला तिनं रजा टाकली.

गाडी आली. काचेवर रुद्राणीच्या घराचा नंबर. गल्लीतली दारं एकेक करून उघडली.

"आगं बया," कुसुमबाई जिन्याशी आल्या, "माझ्या घराचा नंबर त्या गाडीवर कसा? माझ्याकडं तर कुणी न्हाई आलं!"

तेवढ्यात चंद्रभान जमादार वही घेऊन माडीच्या दारात. मुकुल दोन पायऱ्या खाली.

"ताई, ही गाडी तुमच्याकडची का?"

"हो."

"येणारा तुमचा कोण लागतो? भाऊ? मामा? सांगावं लागतंय."

भाऊ म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. संध्याकाळी इसार झाला असता, आणि पुढे प्रत्येक शनिवारी ती, ते टेबल आणि रिकामी खिडकी. तिनं चौकट घट्ट धरली.

"आठवडाभर मी ज्यांची वाट बघते... ते. लिहा आता काय लिहायचं ते."

चंद्रभाननं डोकं खाजवलं. "ताई, आसा रकाना न्हाई."

"काका," पायरीवरून मुकुलचा आवाज आला, जरा कापरा, "होणारा नवरा, असा आहे का?"

"हाय की! पर ते तुमी सांगून चालत न्हाई साहेब. ताईनं सांगाय पाहिजे."

सगळ्यांचे डोळे तिच्याकडं. तिच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, दोन्ही एकदमच आलं.

"आधी त्यांना विचारा काका... घर विकायलेत का अजून?"

"नाही," मुकुल म्हणाला. "बन्सीधरशेठना आत्ता फोन करतो. आणि उद्या मानवतला येतो, तुझ्या बाबांना भेटायला. येऊ?"

"...लिहा काका."

"आगं, मग त्याला किती येळ पायरीवर हुबा करतीस?" कुसुमबाई खालून ओरडल्या. "आत घे की!"

रुद्राणी दारातून बाजूला झाली. एकट्या माणसाला दारातून बाजूला व्हायची सवय नसते. तिचा खांदा चौकटीवर आपटला.

"लागलं का?" त्यानं विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "या."