ऑपरेशनची चिठ्ठी

तिरोड्याच्या एसटीत चेतनाची जड बॅग वरच्या फळीवर ठेवायला तो आपणहून उठला, हात उचलला आणि — "आयोऽ!"

बॅग तिच्या पायाशी आदळली. तो खांदा धरून मटकन बसला.

"हात वर जात नाही का?"

"जाते नं, मॅडम... पण अर्ध्या रस्त्यातूनच वापस येते."

चेतनाला हसू आवरेना. ती फिजिओथेरपिस्ट, असे खांदे रोजचेच. तो लखन, बोदलकशाच्या तलावावर जाळं फेकणारा. त्या हातावरच त्याचं पोट.

तिने त्याला आपल्या दवाखान्यात बोलावलं. एमआरआयमध्ये दिसलं, खांद्याचा स्नायुबंध अर्धा फाटलेला.

"ऑपरेशन करून शिवता येतं," तिने समजावलं. "पण दीड महिना हात गळ्यात, आणि जाळं फेकायला सहा महिने तरी. नाहीतर बारा आठवडे व्यायाम. फाटलेलं कदाचित तसंच राहील, पण आजूबाजूचे स्नायू भार घ्यायला शिकतात. नाहीच जमलं, तर ऑपरेशन आहेच."

"शिकवन कोन त्यायले?"

"मीच."

"मंग व्यायामच!" तो इतक्या झटकन म्हणाला, की तिनेच नजर चोरली.

भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. थांबेल तिथे ती पेन्सिलने रेघ मारायची. रेघा भराभर चढल्या... आणि आठव्या आठवड्यात अडल्या. नववा, दहावा, अकरावा — तीच रेघ! सकाळी देवापुढे दिवा लावताना ती आता त्या खांद्यासाठीही हात जोडू लागली. बाराव्या आठवड्यात तिने नाइलाजाने सर्जनच्या नावाने चिठ्ठी लिहिली.

लखनचा चेहराच उतरला. "मॅडम... फाडा ते."

"काऊन?" घाईत तिच्या तोंडून घरची बोली निसटली.

त्याने हात सरळ वर नेला. पार कानाला टेकवला!

"महिना झाला, पुरा जाते."

"आणि मी इकडे देवाला —! खोटं कायले बोललात?"

"बरा झालो म्हनलो असतो, त उद्यापासून इथं कोन्या बहाण्यानं आलो असतो?"

रागवायचं होतं तिला. पण काळीजच ऐकेना, नुसतं धडधडत सुटलं.

"थांबा! पेशंटच्या तोंडून असलं काही ऐकायचं नाही मला."

तिने चिठ्ठी फाडली. त्याचा केसपेपर ओढून त्यावर लिहिलं — 'बरा. उपचार संपले.' सही, तारीख. मग पेन ठेवून वर पाहिलं.

"आता बोला."

लखनने भिंतीवरच्या रेघांकडे पाहिलं. "सकाळी... तलावावर या. जाळं फेकून दाखवतो."

"आणि?"

"अन्... परवाही या."

"आणि?"

"आता का दिवस मोजू, चेतना? जलमभर या म्हनून राहिलो मी!"

ती लाजली, हसली, पदर सावरत खिडकीकडे वळली.

"येईन... पण सोमवारी मी मासे खात नाही हं, आत्ताच सांगून ठेवते."